पुलावरून सुटलेला माणूस: एक लघुपट आणि त्याचे प्रेक्षक

आजचा विषय आहे साधारण अठ्ठावीस मिनिटांचा एक लघुपट. खरं तर लघुपटापेक्षा तो बघणारी माणसं हा आजचा विषय आहे. एकच गोष्ट वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या लोकांनी बघितली, तेव्हा त्यांच्यासमोर नेमकं काय होतं आणि काय नव्हतं, हे आपण बघणार आहोत.

एक सूचना आधीच देतो. मी शेवट सांगणार आहे, त्याशिवाय या विषयावर बोलताच येत नाही. ज्यांना तो कोरा बघायचा असेल त्यांनी इथे थांबा, बघून या, मग पुढे ऐका.

लघुपटाचं फ्रेंच नाव ‘ला रिव्हिएर द्यु इबू’, म्हणजे घुबडाची नदी. इंग्रजीत तो ‘ॲन अकरन्स ॲट आऊल क्रीक ब्रिज’ म्हणून ओळखला जातो. दिग्दर्शक रोबेर एनरिको. मूळ कथा अमेरिकन लेखक अँब्रोस बिअर्स यांची, 1890 सालची.

कथानक दोन ओळींचं आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू आहे. रेल्वेच्या एका पुलावर उत्तरेकडचे सैनिक एका माणसाला फाशी देतायत. हात बांधलेत, गळ्यात फास आहे, पायाखाली फळी आहे. फळी सरकते, दोर तुटतो आणि माणूस खाली नदीत पडतो. पाण्याखालीच तो हात सोडवून घेतो, वर येतो, गोळ्या चुकवत पोहतो, जंगलातून धावत सुटतो. धावत धावत घरापर्यंत येतो. समोरून बायको येते. तिला हात लागणार, तेवढ्यात त्याची मान मागे झटका खाते, आणि पुढच्या क्षणी तो आपल्याला पुलाखाली दोराला लटकलेला दिसतो.

म्हणजे दोर तुटलाच नव्हता. पोहणं, धावणं, घर, बायको हे सगळं फळी सरकल्यापासून मान मोडेपर्यंतच्या क्षणात त्याच्या डोक्यात घडलं.

रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून वाढलेल्या आपल्या पिढीला शेवटच्या ओळीतला असा धक्का काही नवा नाही. पण वाचताना आपण मान वर करू शकतो, पुस्तक मिटू शकतो. पडद्यावर ती सोय नाही. एनरिकोने संवाद जवळजवळ ठेवलेच नाहीत. आहेत ते मोजके लष्करी हुकूम, तेही इंग्रजीत. बाकी पाण्याचा आवाज, पक्षी, घड्याळाची टिकटिक. माणूस पाण्यातून वर येतो तेव्हा काठावरच्या सैनिकांचे आवाज एकदम जड, ओढल्यासारखे होतात. पान, कोळ्याचं जाळं, किडा, सगळं डोळ्यांजवळ आणून दाखवलंय. मरता मरता वाचलेल्याला जग असंच दिसत असेल, असं आपल्याला वाटतं. खरं तर तिथेच दिग्दर्शकाने आपल्याला सांगून टाकलेलं असतं की काळ नेहमीसारखा चालत नाहीये. आपण ऐकत नाही, कारण आपल्याला तो माणूस वाचायला हवा असतो.

आता प्रेक्षकांकडे वळू. पण त्याआधी एक खबरदारी. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचा इतिहास सांगताना दंतकथा फार लवकर शिरतात. ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटात गाडी फलाटावर येताना बघून पॅरिसचे लोक खुर्च्या सोडून पळाले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. अशी पळापळ झाल्याचा त्या काळातला भक्कम पुरावा मात्र अभ्यासकांना सापडलेला नाही. गाडीचा तो चित्रपट 28 डिसेंबर 1895 च्या पॅरिसमधल्या पहिल्या जाहीर खेळात नव्हताच. आपल्या मुंबईत 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात जो पहिला खेळ झाला, त्याच्या कार्यक्रमात गाडीचं आगमन होतं, पण तिथूनही कुणी पळाल्याची नोंद नाही. त्यामुळे ‘लोक किंचाळले, लोक रडले’ असं मी आज सांगणार नाही. तो लघुपट कुठे, कधी आणि कुठल्या प्रस्तावनेसह दाखवला गेला, एवढं मात्र पक्कं सांगता येतं.

पहिला प्रेक्षक फ्रान्समधला. 1962 च्या मे महिन्यात कान महोत्सवात या लघुपटाला लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. आता तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. अल्जेरियातलं युद्ध थांबवणारा एव्हियाँचा करार 18 मार्च 1962 चा, म्हणजे दोनच महिने आधीचा. साडेसात वर्षं फ्रान्सची तरुण पोरं सक्तीच्या लष्करी सेवेत तिकडे पाठवली जात होती. छळ आणि देहदंडाच्या बातम्या देशाला पोखरत होत्या. अशा वेळी पडद्यावर शांतपणे, शिस्तीत, नियमाप्रमाणे एका नागरिकाला फाशी देणारं सैन्य दिसतं. गणवेश अमेरिकन, काळ शंभर वर्षांपूर्वीचा, चित्रीकरण मात्र फ्रान्सच्या सेव्हेन डोंगरांतलं. बघणाऱ्याला आपलं सैन्य आठवलं नसेल असं मला वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पण त्याला आधार आहे: एनरिकोचा लगेच नंतरचा चित्रपट ‘ला बेल व्ही’ हा अल्जेरियाहून घरी परतलेल्या एका सैनिकाचीच गोष्ट सांगतो. म्हणजे हे सगळं त्याच्या डोक्यात होतं.

दुसरा प्रेक्षक अमेरिकेतला, आणि तो थिएटरात नाही, घरातल्या सोफ्यावर. सीबीएस वाहिनीवर ‘द ट्वायलाइट झोन’ नावाची गूढकथांची मालिका 1959 पासून चालू होती. पाचव्या वर्षी पैशांची ओढाताण होती. निर्माता विल्यम फ्रूग यांनी हा फ्रेंच लघुपट विकत घेतला, थोडा कापला आणि एक भाग म्हणून लावून दिला. नवीन भाग बनवण्याच्या मानाने हा सौदा खूपच स्वस्तात पडला. संवादच नसल्यात जमा, त्यामुळे भाषेचाही प्रश्न नव्हता. 28 फेब्रुवारी 1964 च्या रात्री तो प्रसारित झाला.

गंमत अशी, की सूत्रधार रॉड सर्लिंग यांनी सुरुवातीला पडद्यावर येऊन चक्क खुलासा केला: हा चित्रपट आम्ही बनवलेला नाही, तो फ्रान्समध्ये दुसऱ्यांनी बनवलाय, कानला बक्षीस मिळालंय. पाच वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांना हे का सांगावं लागलं असेल? कारण दर आठवड्याच्या प्रेक्षकाला सवय होती बोलक्या पात्रांची. पंचवीस मिनिटं कुणी फारसं बोलतच नाही म्हटल्यावर लोकांनी वाहिनी बदलली असती. म्हणजे प्रेक्षकाला आधी हात धरून बसवावं लागलं. हिचकॉकने 1960 साली ‘सायको’च्या वेळी हेच वेगळ्या तऱ्हेने केलं होतं: खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा नियमच घालून दिला. धक्का बसायचा तर आधी माणूस नीट बसलेला हवा.

प्रसारणानंतर दीड महिन्याने, 13 एप्रिल 1964 ला याच लघुपटाला ऑस्करही मिळालं. पण हक्क मोजक्याच प्रक्षेपणांपुरते असल्याने मालिकेच्या नंतरच्या पुनःप्रक्षेपणांत हा भाग नसायचा. एकदा बघितला तो बघितला, पुन्हा भेट नाही. मागे नेऊन बघायची सोय तर नव्हतीच. म्हणजे फसवलं कुठे हे तपासायला प्रेक्षकाकडे फक्त स्वतःची आठवण होती. नंतर सोळा मिलिमीटरच्या प्रतींवरून तो अमेरिकेतल्या शाळांमध्ये दाखवला जाऊ लागला. हा तिसरा प्रेक्षक, बाकांवर बसलेला, मूळ कथा धडा म्हणून वाचणारा.

आता मूळ कथेकडे येतो, कारण आजचा खरा मुद्दा तिथे आहे.

गेल्या दिवाळीत घरी सगळे जमले होते, तेव्हा मी हा लघुपट लावला. शेवट झाल्यावर भाचा उसळला, “मामा, ही चीटिंग आहे!” मावशी शांतपणे म्हणाली, “अरे, फाटक आपोआप उघडलं ना, तेव्हाच मला कळलं, हा काही जिवंत नाही.” मावशीचं निरीक्षण अचूक होतं, घराचं फाटक खरंच कुणी हात न लावता उघडतं. मग धाकट्या भाचीने विचारलं, “पण मामा, त्याला फाशी का देत होते?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कारण सुरुवातीलाच दाखवलंय. झाडावर एक सूचना लावलेली दिसते: रेल्वे, पूल, बोगदे यांत जो नागरिक ढवळाढवळ करेल त्याला फाशी. पण पुढच्या धावपळीत ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

आणि तेही अर्धंच कारण आहे. बिअर्सच्या कथेचे तीन भाग आहेत. मधल्या भागात तो स्पष्ट सांगतो की हा पेटन फार्कर अलाबामातला सुखवस्तू जमीनदार आहे, गुलामांचा मालक आहे आणि दक्षिणेने फुटून निघावं या मताचा कडवा समर्थक आहे. वेष बदलून आलेला उत्तरेचा एक हेर त्याला पूल जाळायच्या मोहात पाडतो, आणि तो अडकतो. बिअर्स स्वतः उत्तरेच्या सैन्यातून लढला होता, 1862 च्या शायलोच्या लढाईत होता. म्हणजे फाशी देणाऱ्यांच्या बाजूचा माणूस फाशी जाणाऱ्याच्या डोक्यात शिरून लिहीत होता, आणि वाचकापासून काही लपवत नव्हता. हा कोण आहे हे आधी सांगतो, मग त्याच्याबरोबर पळवतो.

एनरिकोने हा मधला भागच काढून टाकला. राहतं ते एक मोठं घर, सुंदर कपड्यांतली बायको, मुलं आणि जगायची ओढ. घर कुणाच्या कष्टावर उभं आहे हे पडद्यावर येत नाही.

आता पुन्हा तारखा बघा. अमेरिकन काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने नागरी हक्कांचं ऐतिहासिक विधेयक मंजूर केलं 10 फेब्रुवारी 1964 ला. त्यानंतर अठरा दिवसांनी हा भाग लोकांच्या घरात गेला. गुलामांच्या वंशजांना हॉटेलात बसू द्यायचं की नाही यावर देश भांडत होता, आणि त्याच महिन्यात देशभरचे लोक पडद्यासमोर बसून एका गुलाम-मालकाने वाचावं म्हणून श्वास रोखून होते. तो गुलाम-मालक आहे, हे चित्रपटाने त्यांना सांगितलंच नव्हतं.

यावर दोन बाजूंनी बोलता येईल. एक बाजू म्हणेल, ही लबाडी आहे. दुसरी म्हणेल, गळ्यात फास असलेल्या माणसाची जात, मालमत्ता, राजकारण विचारायचं नसतं. मरणाच्या दारात तो फक्त माणूस असतो. देहदंडाविरुद्धचा चित्रपट म्हणून बघितला तर एनरिकोचं गाळणं समजून घेता येतं. अल्जेरियाच्या सावलीत बसलेल्या फ्रेंच प्रेक्षकाला त्याला कदाचित तेवढंच सांगायचं होतं.

मला स्वतःला बिअर्सचा रस्ता जास्त अवघड आणि जास्त प्रामाणिक वाटतो. माणूस निर्दोष, सालस दाखवला की दया येणं सोपं आहे. हा गुलामांचा मालक आहे हे ठाऊक असूनही दोर तुटावा असं वाटलं, तर ती दया कुठून आली याचा विचार करावा लागतो. आणि नाही वाटलं, तर त्याचाही करावा लागतो. चित्रपट आपल्याला त्या त्रासातून सोडवतो, म्हणून त्याचा शेवट फक्त धक्का देतो. कथेचा शेवट नंतरही टोचत राहतो.

याचा अर्थ चित्रपट कमी दर्जाचा आहे असं अजिबात नाही. साठ वर्षांनंतर, फोनवर दर दहा सेकंदाला पुढे सरकवायची सवय असलेली पोरं तो अख्खा बघतात आणि चिडतात, हे काही थोडं नाही. फक्त एक करा. आधी चित्रपट बघा, मग कथा वाचा, मग परत चित्रपट बघा. दुसऱ्या वेळी शेवट माहीत असतो, त्यामुळे नजर मोकळी होते. त्या मोठ्या घराकडे नीट बघा, आणि तिथे कोण कोण दिसत नाही, ते मोजा.

भाचीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, “मग आता मला त्याचं वाईट वाटू दे की नको?” मी म्हटलं, तू वाच आणि तूच ठरव. तिने अजून काही कळवलेलं नाही. तुमचं काय मत झालं ते मात्र मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.