बेरजेने केलेली वजाबाकी

हजारातून तीनशे सत्त्याऐंशी वजा करा, असे म्हटले की पाचवीच्या वर्गातही चार-सहा मुलांची पेन्सिल हमखास अडखळते. शून्यातून सात जात नाहीत. शेजारी उसने मागायला जावे तर तिथेही शून्य, आणि त्याच्या पलीकडेही शून्यच! अशा वेळी मी फळ्यावर एक गंमत दाखवतो. ३८७ मधला प्रत्येक अंक नवातून वजा करायचा. आले ६१२. त्यात एक मिळवला की ६१३. उत्तर तयार, आणि कोणाच्या दारी उसने मागायला जायला नको. मुलांना ही जादू वाटते. याच जादूवर एक यंत्र उभे राहिले, आणि त्या यंत्राने आपल्या जनकाचा जीव वाचवला, ही हकीकत मात्र वर्गात सांगायला तास पुरत नाही.

त्या यंत्राचे नाव कुर्टा. उंची साडेआठ सेंटिमीटर, वजन पाव किलोपेक्षा थोडे कमी. मिरपूड करण्याच्या छोट्या चक्कीसारखे दिसणारे आणि मुठीत सहज मावणारे. आपल्याकडच्या ज्या वाचकांनी एकेकाळी बँकांत किंवा कॉलेजच्या संख्याशास्त्र विभागात फॅसिटचे धूड टेबलावर खडखडताना पाहिले असेल, त्यांना या आकाराचे नवल अधिक वाटेल.

कुर्ट हेर्त्सश्टार्क यांचा जन्म १९०२ साली व्हिएन्ना येथे झाला. वडिलांचा गणनयंत्रांचाच कारखाना होता. मुलगा हिंडून यंत्रे विकीत असे, आणि गिऱ्हाइकांची मागणी ठरलेली असे: खिशात मावेल असे काही द्या. अडचण अशी होती की, सतराव्या शतकात लायब्निझने शोधलेल्या पायऱ्यांच्या दंडगोलावर ही यंत्रे चालत. दंडगोलावर कमी-अधिक लांबीचे नऊ दाते असतात. त्यावर फिरणारे चाक जिथे टेकेल, तितके दाते त्याला ढकलतात. प्रत्येक स्थानाला असा एकेक दंडगोल लागे. हेर्त्सश्टार्क यांनी ठरवले की दंडगोल एकच ठेवायचा, मधोमध, आणि एकम-दहम-शतमची चाके त्याच्याभोवती वर्तुळात उभी करायची. बेरीज जमली. वजाबाकीला दंडगोल उलटा फिरवावा, तर हातचा पुढे नेणारी योजना कोलमडे.

१९३७ साली आगगाडीच्या डब्यात एकटे बसून बाहेर पाहत असताना त्यांना तोड सुचली, असे त्यांनी उतारवयात एका मुलाखतीत सांगितले आहे. वजा करायचेच नाही, पूरक संख्या मिळवायची! ही युक्ती काही नवी नव्हती. १६४२ साली पास्कलने केलेल्या यंत्रातही ती होती. पण तिथे पूरक अंक माणसाने पाहायचे असत. इथे दंडगोलावरच दात्यांच्या दोन मालिका एकाआड एक बसवल्या. तीन दात्यांच्या ओळीजवळ सहा दात्यांची, दोनाजवळ साताची. वरची दांडी नेहमीसारखी फिरवली की बेरीज. तीच किंचित वर ओढून फिरवली की दंडगोल वर सरकतो, दुसरी मालिका चाकांना भिडते आणि वजाबाकी होते. फिरवायचे मात्र दोन्ही वेळा एकाच दिशेने. तो शेवटचा ‘एक’सुद्धा यंत्र आपणहून मिळवते.

गुणाकार पाहा. ४२६ ला ९८ ने गुणायचे आहे. कडेच्या कळा सरकवून ४२६ मांडायचे. माथ्याकडचा भाग उचलून शतम स्थानी फिरवायचा आणि दांडीचा एक फेरा द्यायचा: ४२६००. मग एकम स्थानी येऊन, दांडी वर ओढून दोन फेरे: ८५२ वजा. उत्तर ४१७४८. सरळ मार्गाने सतरा फेरे लागले असते, इथे तीनच. तोंडी हिशेब करणारा चतुर वाणी याहून वेगळे काय करतो?

१९३८ साली पेटंटचा अर्ज झाला. पण त्याच वर्षी मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता. हेर्त्सश्टार्क यांचे वडील ज्यू, आई कॅथलिक. कारखान्याला जर्मन सैन्यासाठी मोजमापाची साधने बनवण्याचे काम मिळाले आणि छोटे यंत्र कागदावरच राहिले. १९४३ साली इंग्रजी रेडिओवरील बातम्या पसरवल्याबद्दल त्यांचे दोन कामगार पकडले गेले. त्यांची रदबदली करायला हे गेले, तर यांनाच अटक झाली, आणि रवानगी झाली बुखेनवाल्डच्या छळछावणीत.

तिथे त्यांची कारागिरी पाहून त्यांना छावणीला जोडलेल्या कारखान्यात सुटे भाग करण्याच्या कामावर नेमले. एका अधिकाऱ्याच्या कानावर त्या यंत्राची वार्ता गेली. आराखडे काढ, युद्ध जिंकल्यावर हे यंत्र फ्युररला भेट देऊ, मग तुला आर्य ठरवतील, असे त्यांना सांगण्यात आले. हेर्त्सश्टार्क दिवसभराचे काम आटोपून, रविवारी, स्मरणातून एकेक भाग मापासह पेन्सिलीने काढू लागले. छळणाऱ्याला द्यायची भेट घडवायची की नाही, असा प्रश्न घरी खुर्चीत बसून विचारणे सोपे आहे. उपयोगी माणसाला छावणीत आणखी एक दिवस मिळत होता, एवढे मला दिसते. मी तरी त्यांना दोष देणार नाही.

११ एप्रिल १९४५ रोजी छावणी मुक्त झाली. आराखडे बरोबर घेऊन ते बाहेर पडले. जवळच्याच एका कारखान्यात तीन नमुने तयार झाले; पण रशियन सैन्य आल्यावर नमुन्यांचे भाग घेऊन त्यांनी व्हिएन्ना गाठले. भांडवल दिले ते चिमुकल्या लिश्टेनश्टाइनने. तिथल्या राजाने यंत्रात रस घेतला, कंपनी निघाली, आणि चाळीसच्या दशकाच्या अखेरीस कुर्टा बाजारात आली. नाव अर्थात जनकाच्याच नावावरून. १९५४ साली थोडे मोठे दुसरे रूप निघाले, त्यात उत्तराला पंधरा अंक मिळत. भूमापक, अभियंते, मोटारींच्या रॅलीत वेळेचा हिशेब ठेवणारे, सगळ्यांनी ते खिशात बाळगले. दोन्ही मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार यंत्रे बनली.

छावणीतून जिवंत सुटलेला माणूस भागधारकांच्या हातून मात्र सुटला नाही. कंपनीची पुनर्रचना अशी झाली की यांच्या भागांना किंमतच उरली नाही. एक गोष्ट भागधारक विसरले होते. पेटंटवर कोणी दावा केला तर भानगड नको, म्हणून पेटंट त्यांनी आपल्या नावावर घेतलेच नव्हते. ते हेर्त्सश्टार्क यांच्याच नावे राहिले होते. अखेर त्यांना पैसे मोजावे लागले.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी खिशातले इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आले आणि कुर्टाचे उत्पादन थांबले. हेर्त्सश्टार्क १९८८ साली लिश्टेनश्टाइनमध्येच वारले. कुर्टाला बाजारातून उठवणाऱ्या त्या यंत्राच्या पोटातही वजाबाकी सहसा पूरक संख्या मिळवूनच होते.