चवदार तळे कोणाच्या मालकीचे होते?

महाड म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. बाबासाहेबांची ओंजळ आठवते. पण त्यानंतर दहा वर्षे कोर्टात चाललेली लढाई आपण भाषणांत क्वचितच सांगतो. त्या लढाईच्या मुळाशी एक प्रश्न होता, तळे कोणाचे? वीज, पाणी, एसटीच्या खासगीकरणावर बोलणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने तो प्रश्न समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे तो ठराव सांगत होता. म्हणजे हक्काचा आधार कोणाची दया नव्हती. खर्च जनतेचा, तर वापरही जनतेचा, हे तत्त्व होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये हा ठराव स्वीकारला.

म्हणूनच सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये दावा लावताना तळे सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांच्या खासगी मालकीचे आहे, असे म्हटले. मालकी खासगी ठरली की बहिष्कार आपोआप कायदेशीर ठरतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मालकीचा दावा टिकला नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने अपील फेटाळले. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढीही सिद्ध झाली नाही. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, रस्ते यांच्यासाठी सरकारी निधीचा हाच निकष आला.

पण अर्धेच सत्य सांगून चालणार नाही. तळे नगरपालिकेकडे होते, ठरावही होता, तरी पाणी मिळाले नाही. उलट ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सरकारी मालकी ही पहिली पायरी आहे. त्या संस्थेवर अंकुश कोणाचा, ही दुसरी.

बाबासाहेबांनी दोन्ही पायऱ्या ओळखल्या होत्या. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर विजेचा विषयही त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ च्या धोरण समितीच्या बैठकीत त्यांनी थेट विचारले की विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, आणि खासगी असेल तर जनतेच्या रक्षणासाठी अटी कोणत्या? १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, आणि ही तरतूद संविधानातच असावी, अशी मागणी केली. कारण साधा कायदा बहुमत बदलले की बदलतो.

घडलेही तसेच. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली. १९६० मध्ये महाराष्ट्राचे मंडळ स्थापन झाले. २००३ च्या कायद्याने तो कायदा रद्द केला आणि २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या. महावितरण आजही सरकारी आहे. ती उद्या खासगी झाली तर कलम १६(४) चे आरक्षण त्या नोकऱ्यांना लागू राहणार नाही. "सेवा चांगली मिळाली म्हणजे झाले, मालक कोणी का असेना" म्हणणाऱ्या आपल्या मित्रांनी याचे उत्तर द्यावे.

दुसरी पायरी मात्र आजही आपल्या हातात आहे. २००३ च्या कायद्याच्या कलम ६४ नुसार दर ठरवण्याआधी वीज नियामक आयोगाला जनतेच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्याच लागतात. हरकत नोंदवायला वकील लागत नाही. आपल्या वस्तीतून, आपल्या विहारातून किती हरकती जातात? महाडला चवदार तळ्यावर दरवर्षी अभिवादनाला जाऊच. पण पुढच्या दरवाढीच्या सुनावणीलाही आपण अभ्यास करून जायला हवे.

जय भीम!