पालक, कुजका चारा आणि हृदयातील झडप

६ डिसेंबर १९९० रोजी तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एका रुग्णाच्या हृदयात देशातच घडविलेली यांत्रिक झडप प्रथम बसविण्यात आली. डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांचे सहकारी एका तपाहून अधिक काळ या कामात गुंतले होते. पहिले तीन आराखडे फसले. चौथ्यात धातूचा सांगाडा आणि त्यात उघडझाप करणारी पॉलिथिलीनची चकती असा मेळ अखेर जमला. पुढे ही ‘चित्रा’ झडप एक लाखाहून अधिक भारतीयांच्या हृदयात बसली. त्यांतील बहुतेक रुग्ण बालपणीच्या संधिवाती तापाने झडप गमावलेले, म्हणजे तरुण आणि बव्हंशी गरीब.

मात्र परक्या पृष्ठभागाला रक्त स्पर्श करते, बिजागरीपाशी त्याचा प्रवाह मंदावतो, आणि तेथे गुठळी धरू शकते. म्हणून झडपेसोबत आयुष्यभराची एक गोळी येते: वॉरफॅरिन, किंवा आपल्याकडे अधिक प्रचलित असलेले तिचे भावंड, ॲसिनोकुमॅरॉल. आणि गोळीमागोमाग सल्ला येतो, ‘पालेभाजी बंद’. या सल्ल्याचे मूळ शोधू लागलो की आपण थेट गोठ्यात जाऊन पोहोचतो.

१९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या कुरणांवर गुरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंगे कापली, खच्चीकरण केले, की रक्त थांबेना. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने दोष ओळखला: स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याला बुरशी लागली की तो विषारी होतो. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, कुजका चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन हिमवादळातून कार्ल पॉल लिंक या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेत आला. त्या चाऱ्यातील द्रव्याचे स्फटिक हाती लागायला १९३९ साल उजाडले. ते द्रव्य म्हणजे डायकुमॅरॉल. त्याच्याच कुळातील अधिक जहाल संयुग १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. संशोधनाला पैसा पुरविणाऱ्या विस्कॉन्सिनमधील संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफॅरिन हे नाव मिळाले. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यातील एका जवानाने आत्महत्येसाठी ते विष घेतले. जीवनसत्त्व ‘के’ देऊन त्याला वाचविता आले. विषाला खात्रीचा उतारा आहे म्हटल्यावर त्याचे औषध होण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि १९५४ मध्ये माणसांसाठी त्याला मान्यता मिळाली.

उताऱ्याची कथा कोपनहेगनमधील. हेन्रिक डॅम कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढून टाकलेले खाद्य देऊन कोलेस्टेरॉलचा अभ्यास करीत होते. पिलांना रक्तस्राव होऊ लागला. खाद्यात काहीतरी उणे होते. रक्त गोठण्याच्या जर्मन-डॅनिश शब्दाच्या आद्याक्षरावरून १९३५ मध्ये त्याला ‘के’ हे नाव पडले. १९३९ मध्ये ते शुद्ध रूपात हाती आले ते लसूणघासातून. एक चारा रक्त गोठू देत नाही, दुसरा ते गोठवितो, आणि दोन्ही वनस्पती एकाच शेंगवर्गीय कुळातील! डॅम आणि एडवर्ड डॉयझी यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जीवनसत्त्व हिरव्या पानातच का, हा प्रश्न भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष भावावा. प्रकाशसंश्लेषणात सूर्यकिरणाने सुटलेला इलेक्ट्रॉन पुढच्या टप्प्याकडे न्यावा लागतो, आणि त्या साखळीतील एक वाहक म्हणजेच जीवनसत्त्व ‘के-१’. सेकंदाच्या कोट्यंशात ते आपले ओझे पुढे सोपविते. पान जितके गर्द हिरवे, तितके ते सहसा अधिक. कोबीच्या बाहेरच्या पानांत आतल्या पांढऱ्या पानांहून जास्त.

आपले यकृत त्याच रेणूचा अगदी निराळा उपयोग करते. गोठण-प्रथिनांना कॅल्शियम पकडता यावे म्हणून त्यांवर एक रासायनिक गट बसवावा लागतो. तो नेमका कोणता, हे १९७४ मध्ये स्वीडनमधील योहान स्टेन्फ्लो यांनी दाखविले. या कामात ‘के’ खर्ची पडते आणि एक विकर ते पुन्हा वापरण्याजोगे करते. वॉरफॅरिन त्या विकराला अडविते. म्हणून ताटातून ‘के’ अचानक वाढले तर गोळीचा प्रभाव घटतो. अचानक आटले तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दुसरे वाक्य दवाखान्यात क्वचितच ऐकू येते. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. यांत्रिक झडपेच्या रुग्णाचा साधारणतः २ ते ३.५ च्या पट्ट्यात ठेवावा लागतो. पालेभाजी पूर्ण सोडलेल्या माणसाच्या शरीरातील ‘के’चा साठा इतका तुटपुंजा असतो की एका लग्नातले जेवणही हा आकडा हलवू शकते. न्यूकॅसलच्या संशोधकांनी २००७ मध्ये आयएनआर सतत डळमळणाऱ्या रुग्णांना रोज १५० मायक्रोग्रॅम ‘के’ दिले, तेव्हा अनेकांचा आकडा स्थिरावला. नंतरच्या चाचण्यांचे निष्कर्ष इतके निःसंदिग्ध नाहीत. तरी ‘बंद’ या शब्दाऐवजी ‘रोज साधारण तितकीच’ म्हणावे, याकडे आजचा वैद्यकीय सल्ला झुकला आहे. आहार बदलायचा तर आधी डॉक्टरांना सांगून, आयएनआर तपासून.

नवी औषधे आली, आता ही कटकट संपली, असे कुणी म्हणेल. ती औषधे ‘के’च्या वाटेला जात नाहीत हे खरे. पण यांत्रिक झडपांवरील डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली. संधिवाती हृदयविकारात ठोके अनियमित झालेल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांवर, भारतासह २४ देशांत ‘इन्व्हिक्टस’ चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत जुन्या गोळीच्या गटात मृत्यू कमी होते. तेव्हा दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये असलेले डॉ. गणेशन कार्तिकेयन या अभ्यासाच्या अग्रणी संशोधकांपैकी एक.

म्हणजे जुनी गोळी राहणार, आणि ताटाचा प्रश्नही. पंजाबात हिवाळ्यात सरसों का साग रोज रांधला जातो आणि उन्हाळ्यात मिळत नाही. केरळात शेवग्याची पाने, बंगालात नाना तऱ्हेचे शाक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत भारतीय पालेभाज्यांमधील ‘के-१’ मोजून दिले आहे. त्या आकड्यांवरून प्रत्येक प्रांताच्या भाषेत, ऋतूनुसार, वाटीच्या मापाने तयार केलेला एक पानी तक्ता झडपेच्या रुग्णाला घरी जाताना हाती देणे अवघड नाही.