ग्रँड स्टेअरकेस–एस्कलांटी

अमेरिकेच्या यूटा राज्याच्या दक्षिण भागातील खडकाळ वाळवंटी प्रदेश व राष्ट्रीय स्मारक. क्षेत्रफळ सुमारे 7,500 चौ. किमी., म्हणजे गोव्याच्या दुप्पट. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी 18 सप्टेंबर 1996 रोजी हे स्मारक घोषित केले. येथील कैपारोविट्स पठारावर तेव्हा कोळशाची मोठी खाण काढण्याचा प्रस्ताव होता. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी विभागाकडे सोपवलेले हे पहिले राष्ट्रीय स्मारक. 2017 मध्ये त्याचे क्षेत्र जवळजवळ निम्म्याने घटवण्यात आले आणि 2021 मध्ये ते पूर्ववत झाले.

पश्चिमेस चॉकलेटी, शेंदरी, पांढऱ्या, करड्या व गुलाबी कड्यांच्या पायऱ्या उत्तरेकडे चढत जातात. ‘ग्रँड स्टेअरकेस’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. मध्यभागी कैपारोविट्स पठार आहे. तेथील सुमारे 7.6 कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत कॉस्मोसेरॅटॉप्स हा 15 शिंगांचा डायनोसॉर सापडला. 2010 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. पूर्वेस एस्कलांटी नदी व तिच्या घळी आहेत. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ही नकाशावर आलेली शेवटची नदी (1872).

ब्राइस कॅनियन पाहून हायवे 12 ने पुढे जाणारे बहुतेक प्रवासी काफ क्रीकपाशी थांबतात. जाऊन-येऊन सुमारे 10 किमी. वाळूतून चालल्यावर 38 मी. उंचीचा धबधबा दिसतो. रखरखीत कड्यांच्या मधोमध हिरवे शेवाळ आणि गार पाणी पाहून चालण्याचा शीण उतरतो. मात्र या प्रदेशाचा खरा स्वभाव कळतो तो एस्कलांटी गावाजवळून निघणाऱ्या होल-इन-द-रॉक या कच्च्या रस्त्यावर. 1879–80 च्या हिवाळ्यात सुमारे 250 मॉर्मन स्थलांतरितांनी ही वाट पाडली. वाटेच्या टोकाशी कड्यातली फट सुरुंगाने रुंद करून त्यांनी आपल्या गाड्या दोरांच्या आधाराने कोलोराडो नदीपर्यंत उतरवल्या. याच रस्त्यावरून स्पूकी व पीक-अ-बू या घळींकडे जाता येते. स्पूकी घळ काही ठिकाणी फूटभराहूनही अरुंद आहे. तेथे पाठीवरची पिशवी हातात घेऊन आडवे सरकावे लागते. सह्याद्रीतल्या नाळा उतरण्याची सवय असलेल्यालाही हा अनुभव नवा वाटेल, कारण येथे दोन्ही अंगांचा खडक एकाच वेळी छातीला व पाठीला लागतो.

येथील मुख्य धोका पाण्याचा आहे, टंचाईचा आणि लोंढ्याचाही. उन्हाळ्यात तापमान 38° से.च्या वर जाते. माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी जवळ हवे. जुलै ते सप्टेंबर या काळात दूरवर पडलेल्या वळवाच्या पावसाचा लोंढा, डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही, घळीत घुसतो, आणि वर चढायला जागा नसते. कच्च्या रस्त्यांवर अनेक ठिकाणी बेंटोनाइट ही फुगणारी माती आहे. मराठवाड्यातल्या काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुतलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचा गुण वेगळा सांगायला नको. दोन्हींत माँटमोरिलोनाइट हेच खनिज असते. ओल्या रस्त्यावर फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीही घसरते. अशा वेळी जागीच थांबून माती वाळू द्यावी. वसंत व शरद हे ऋतू भेटीसाठी उत्तम.

वाटेच्या कडेला काळसर, खडबडीत, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी दिसणारी माती असते. ती सजीव आहे. नीलहरित जिवाणू, दगडफूल व शेवाळ यांनी वाळूचे कण बांधून हा थर बनवलेला असतो. तो वारा व पाण्याने होणारी धूप रोखतो आणि हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतो. बुटाच्या एका ठशाने मोडलेला थर भरून यायला कित्येक दशके लागू शकतात. म्हणून फोटोसाठीसुद्धा वाट सोडू नये. चालायचेच झाले तर खडकावरून किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूतून चालावे. जीवाश्म, बाणाची टोके वा मडक्यांचे तुकडे उचलण्यास कायद्याने बंदी आहे.

स्मारकात प्रवेशशुल्क नाही. रानात मुक्काम करायचा तर विनामूल्य परवाना घ्यावा लागतो. बहुतेक भागात मोबाइलला रेंज नाही व पेट्रोल फक्त गावांत मिळते. एस्कलांटी, कॅननव्हिल, कनॅब व बिग वॉटर येथे माहिती केंद्रे आहेत. कच्च्या रस्त्याला लागण्यापूर्वी तेथे थांबून त्या दिवसाची रस्त्याची व हवामानाची स्थिती विचारावी, आणि परतण्याची वेळ घरच्या कुणाला तरी सांगून निघावे.