बाभूळ, हिवर आणि खैर : एका कुलातील तीन झाडे, दोन प्रजाती

खानदेशात तापी, गिरणा व पांझरेच्या काठी, शेतांच्या बांधांवर आणि सातपुड्याच्या पायथ्याशी बाभूळ, हिवर व खैर ही काटेरी झाडे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहेत. लोकांनी त्यांना नेहमीच वेगवेगळी नावे दिली. वनस्पतिशास्त्रात मात्र ही तिन्ही दीर्घकाळ ‘अकेशिया’ या एकाच प्रजातीत मोडत होती. आज त्यांपैकी एकाचेही अधिकृत नाव अकेशिया नाही.

शिंबावंत (फॅबेसी) कुलातील या प्रजातीची स्थापना फिलिप मिलर यांनी १७५४ मध्ये केली. पुढे तीत जगभरातील तेराशेहून अधिक जाती समाविष्ट झाल्या. त्या सर्व एकाच पूर्वजापासून आलेल्या नाहीत, हे डीएनएच्या अभ्यासातून स्पष्ट झाल्यावर विभाजन अटळ ठरले. अशा वेळी ज्या गटात नमुना जाती असते, त्या गटाकडे मूळ नाव राहते. अकेशियाची नमुना जाती बाभूळच होती. परंतु सुमारे एक हजार जाती प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील असल्याने, त्यांची नावे बदलावी लागू नयेत यासाठी नमुना जातीच बदलण्याचा प्रस्ताव २००३ मध्ये मांडण्यात आला. २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत ५४.९ टक्के मते त्याविरुद्ध पडली. तथापि समितीची शिफारस फेटाळण्यास ६० टक्के मते आवश्यक होती. २०११ च्या मेलबर्न परिषदेने हा बदल कायम केला.

परिणामी बाभूळ ‘व्हॅचेलिया निलोटिका’, हिवर ‘व्हॅचेलिया ल्यूकोफ्लिया’ आणि खैर ‘सेनेगालिया कॅटेचू’ झाला. बाहेरून आणून लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र ‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस’च राहिली.

हा भेद साध्या डोळ्यांनीही दिसतो. बाभूळ व हिवर यांना पानांच्या तळाशी सरळ काट्यांची जोडी आणि गोल गोंड्यांसारखी फुले येतात. बाभळीची फुले पिवळीधमक, तर शेंग मण्यांच्या माळेसारखी असते. हिवराची फुले फिकट व साल पांढुरकी असते. खैराचे काटे आकड्यासारखे वाकडे, फुलोरा कणसासारखा लांबट आणि शेंग चपटी असते. ऑस्ट्रेलियन बाभळीला काटे नसतात. तिची ‘पाने’ म्हणजे वस्तुतः चपटे झालेले देठ होत.

वेडी बाभूळ तर नावापुरतीच बाभूळ आहे. शमीसोबत ‘प्रोसोपिस’ प्रजातीत गणली जाणारी ही झाडे २०२२ मधील फेररचनेत ‘नेल्ट्युमा’ प्रजातीत गेली; शमीचे नाव कायम राहिले.

या बदलांचे महत्त्व केवळ अभ्यासकांपुरते नाही. बाभळीचा डिंक, खैराचा काथ किंवा रोपवाटिकेतील बियाणे यांविषयीची माहिती शास्त्रीय नावावरूनच शोधली जाते. थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात (१९०१-१९०८) बाभूळ ‘अकेशिया अरेबिका’ म्हणून नोंदलेली आहे, नंतरच्या पुस्तकांत ती ‘अकेशिया निलोटिका’ आहे, तर आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’. ही तिन्ही नावे एकाच झाडाची आहेत, हे ठाऊक नसल्यास शंभर वर्षांच्या नोंदी हाताशी असूनही सापडत नाहीत. अशा वेळी बाभूळ हे मराठी नावच त्यांना जोडणारा दुवा ठरते.