जलसा आणि वर्ग

बेंगळूरुमध्ये हिंदुस्थानी गायन शिकणारी मुले प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या चढतात. त्यांतल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे नाव असते. कर्नाटक संगीताकडे गेलेली त्यांची भावंडे सरकारी ज्युनिअर, सीनिअर आणि विद्वत् परीक्षांची तयारी करतात. गाण्यालाही इयत्ता असते, हे आता इतके अंगवळणी पडले आहे की ती इयत्ता उभी करण्याचा खर्च कोणी सोसला, असा प्रश्न सहसा मनात येत नाही. हिंदुस्थानी गाण्यापुरते त्याचे उत्तर शोधत गेले, तर वाट मिरजेला पोचते.

ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत असत. त्यांच्याकडे आलेल्या मुलांत कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर (जन्म १८७२) होते. लहानपणी फटाक्याने त्यांची दृष्टी अधू झाली, म्हणून शाळा सुटली आणि गाणे हाती आले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. मागे कोणताही दरबार नव्हता. देणग्या, फी आणि तिकीट लावून केलेले जलसे यांवर शाळा चालायची.

हे जलसे एका गवयाची मैफल नव्हते. विद्यार्थी एकत्र गात, आळीपाळीने वाद्ये वाजवत आणि मग बुवा गायला बसत. श्रोत्यांना त्यातून शाळेचे काम दिसे आणि तिकिटाचा पैसा वसतिगृहातल्या मुलांच्या ताटात जाई. ‘उपदेशक’ वर्गातल्या मुलांचे राहणे-जेवण शाळेकडे असे. त्या बदल्यात ठरलेली वर्षे शिकायचे आणि पुढे शिकवायचे, असा करार असे. त्यांच्यासाठी बुवांनी स्वरलिपी बसवली, क्रमिक पुस्तके लिहिली, छापखाना घातला. बायकांसाठीही वर्ग निघाले. गाणे ही कुलीन घरात न बोलण्याची गोष्ट होती, त्या काळात हे घडले.

१९०८ मध्ये शाळा मुंबईत आली, पुढे स्वतःच्या इमारतीत गेली. इमारतीसाठी काढलेले कर्ज मात्र जलशांतून फिटले नाही. शेवटी तिचा लिलाव झाला.

लिलावात दगड-विटा गेल्या, माणसे गेली नाहीत. नारायण मोरेश्वर खरे गांधींच्या साबरमती आश्रमात शिकवत होते. बी. आर. देवधरांनी मुंबईत आपली शाळा काढली. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास आपापल्या गावी शिष्य घडवत होते. २१ ऑगस्ट १९३१ रोजी बुवा मिरजेला वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत ते मंडळ स्थापन केले, ज्याचे नाव आज बेंगळूरुच्या प्रमाणपत्रांवर दिसते. बुवांच्या बारा अपत्यांपैकी एकटा जगलेला दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याचे शिक्षण पुढे विनायकराव आणि नारायणराव यांच्याकडे झाले. डी. व्ही. पलुसकर हे नाव देशभर गाजले, त्यात शाळेने फेडलेले गुरूचे ऋण होते.

बाळकृष्णबुवांच्या परंपरेची दुसरी फांदी थेट कन्नड मुलखात गेली. त्यांचे शिष्य नीलकंठबुवा मिरजकर यांच्याकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले, तसेच पंचाक्षरी गवईही. पंचाक्षरी गवई जन्मांध. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात त्यांनी अंध आणि निराधार मुलांना गाणे शिकवले. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी नाटक कंपनी काढली आणि मुले त्या रंगभूमीवर गाऊ लागली. बसवराज राजगुरू तिथलेच. पंचाक्षरींच्या पश्चात पुट्टराज गवईंनी आश्रम सांभाळला. बेंगळूरुच्या श्रोत्यांना आज ओळखीचे असलेले एम. वेंकटेशकुमार त्यांचे शिष्य.

लाहोर आणि गदग यांच्यात अंतर मोठे, पण हिशेब एकच: आधी मूल, मग मैफल.

वर्गातल्या गाण्यावर आक्षेपही जुनेच आहेत. स्वरलिपीत मींड मावत नाही, वीस गळे एका साच्यात ओतले जातात, परीक्षा पास झालेला मैफलीत टिकेलच असे नाही. हे आक्षेप खोटे नाहीत. पण घरात गवई नसलेल्या, आणि गदगच्या बाबतीत घरच नसलेल्या मुलाला तानपुऱ्यापाशी बसायला जागा मिळाली ती या वर्गांमुळे. मैफलीला जाणकार श्रोता मिळाला, तोही बराचसा इथूनच.

आज उलटा हिशेब दिसतो. मैफलीवर निभत नाही, म्हणून अनेक गायक शिकवण्या घेतात. एकेकाळी जलसा वर्गाला पोसत होता, आता वर्ग जलशाला पोसतो. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या मुलाला फी परवडत नाही, त्याचे ताट कोण वाढणार, हा पलुसकरांचा आणि पंचाक्षरींचा प्रश्न आपल्या शहरात अजून तसाच उभा आहे.