रस्ता नसेल तर गाडी कोणती? पद्मिनी, थार आणि १९४३चा नागपूर आराखडा

१/ नंदनवनच्या एखाद्या गल्लीत जुनी प्रीमियर पद्मिनी आणि नवी फोर-बाय-फोर थार शेजारी उभ्या राहिल्या, तर त्यांतली थोरली कोण? उत्तर वाटते तितके सरळ नाही. आजचा धागा या दोन वाहनांच्या वंशावळीवर.

२/ पद्मिनी मुंबईची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. इटलीच्या फियाटशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात ११०० मालिकेतील मोटारी बनू लागल्या. त्यांतल्याच एकीला १९७०च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे इंजिन, सुमारे ४० अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यालगत गिअर. परवाना राज्यात नाव नोंदवून ही गाडी दारात येईपर्यंत वर्षे सरत.

३/ थारची आजची पिढी २०२०ची, नाशिकमध्ये बनणारी. २१८४ सीसीचे डिझेल इंजिन, १३० अश्वशक्ती. गंमत अशी की लांबीला दोन्ही गाड्या चार मीटरच्या आतच. ताकद मात्र तिपटीहून अधिक.

४/ पण थारचे कुळ दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपपर्यंत जाते. महिंद्रांनी १९४०च्या दशकाअखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा फियाट ११०० कुर्ल्यात यायची होती. कुळाच्या हिशेबाने ‘नवी’ थारच थोरली ठरते.

५/ खरा फरक चाकांत आहे. पद्मिनीत इंजिनाची शक्ती केवळ मागच्या दोन चाकांना मिळते. त्यांतले एक चिखलात रुतले की तेच गरगर फिरते आणि गाडी जागची हलत नाही. फोर-बाय-फोरमध्ये ट्रान्सफर केस ती शक्ती पुढच्या आसालाही देते; ‘फोर-लो’ लावल्यास वेग घटतो, ओढ वाढते. थोडक्यात, पद्मिनी रस्ता गृहीत धरते. जीप रस्ता नाही असे धरून चालते.

६/ म्हणूनच जीप दीर्घकाळ सरकारी वाहन राहिली: पोलीस, वनखाते, दौऱ्यावरचे अधिकारी. सेडान होती डॉक्टर-वकिलांच्या दारात, आणि मुंबईत टॅक्सी म्हणून. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली.

७/ आता आपले शहर. १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा रस्तेविकास आराखडा आखला गेला. उद्दिष्ट होते १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे १६ किलोमीटर रस्ता. राष्ट्रीय महामार्गापासून ग्रामरस्त्यापर्यंतची उतरंड याच ‘नागपूर आराखड्या’ने रूढ केली. देश सेडानजोगा व्हावा, याची आखणी इथे झाली.

८/ पुढे विरोधाभास घडला. रस्ते झाले, उदारीकरण आले, आणि नेमकी तेव्हाच चार चाकांची ओढ असलेली गाडी खासगी हौस बनली. आज नंदनवनच्या गुळगुळीत रस्त्यावर ‘फोर-लो’चा दांडा ओढण्याची वेळ क्वचितच येते. गरजेचे यंत्र प्रतिष्ठेचे चिन्ह झाले.

९/ आणि जिथे गरज उरली, तिथे? पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. पुरापुढे पद्मिनी आणि थार दोघीही सारख्याच हतबल. तिथे उत्तर एकच: पूल. वाहन विकत घेता येते. रस्ता मात्र समाजाला मिळून बांधावा लागतो. १९४३च्या आराखड्याचे मर्म मला तरी हेच वाटते.

तुमच्या घरातली पहिली चारचाकी कोणती होती, आणि ती कोणत्या रस्त्यावर धावली? जरूर लिहा.